माणसं आहेत, नेमणुका कुठे आहेत?

धरमतर खाडीच्या आसपास सरकारी दवाखान्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : डॉक्टरच खेड्यात यायला तयार नाहीत, तिथं सरकार तरी काय करणार? राज्यकर्ते हेच सांगतात, चर्चासत्रांत हेच बोललं जातं, आणि पेणच्या एसटी स्टँडवर आजारी बापाला घेऊन अलिबागच्या गाडीची वाट पाहणारा मुलगाही हेच म्हणतो. ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्याच तोंडी अन्यायाची सबब बसली आहे, याचा मला राग येतो. हे वाक्य अर्धसत्य आहे. त्यातला खरा अर्धा उरलेला खोटा अर्धा झाकायला वापरला जातो.

आधी हा मुलूख कसा आहे ते पाहू. अंबा नदी सह्याद्रीतून उतरून पालीवरून नागोठण्याला येते. नागोठणं रोहा तालुक्यात. खाडीची भरती तिथवर चढते. तिथून खाली पेणचा खारेपाट, डोलवीचा पोलाद कारखाना, धरमतरचा पूल आणि मग रेवसजवळ मुंबईचा समुद्र. नागोठण्यात पेट्रोकेमिकल्स, रोह्याजवळ धाटावला रसायनांचे कारखाने, मधून मुंबई-गोवा महामार्ग. पूर्वेच्या डोंगरांत कातकरी आणि ठाकर वाड्या, पश्चिमेला वाशी, शिर्की, वढाव अशी बांधबंदिस्तीच्या भरवशावर जगणारी गावं. म्हणजे भाजल्याचे, वायुगळतीचे, रस्त्यावरच्या अपघातांचे रुग्ण इथं येणार. सर्पदंश, विंचूदंश येणार. कमी वजनाची बाळं आणि रक्त कमी असलेल्या गरोदर बाया येणार. नोव्हेंबर १९९० मध्ये नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल प्रकल्पात स्फोट होऊन कामगार दगावले, ते या भागातल्या जुन्या माणसांना अजून आठवतं. इतक्या प्रकारची गरज इतक्या थोड्या अंतरात असलेले प्रदेश महाराष्ट्रात फार नसतील. सरकारी आरोग्यसेवेची परीक्षा घ्यायची तर ती इथं घ्यावी.

आता पहिला युक्तिवाद. तो आकड्याचा आहे. संसदेत केंद्र सरकारने २०२२-२३ च्या सुमारास वारंवार सांगितलं की देशात ८३४ माणसांमागे एक डॉक्टर आहे, म्हणजे हजाराला एक या नेहमी सांगितल्या जाणाऱ्या प्रमाणाहून आपण पुढे गेलो. हा आकडा कसा बनला ते उत्तरातच दिलेलं होतं. राज्यांच्या परिषदांकडे नोंदवलेले तेरा लाखांवर ॲलोपॅथी डॉक्टर घेतले, त्यातले ८० टक्के उपलब्ध आहेत असं धरलं, त्यात ५ लाख ६५ हजार आयुष डॉक्टर मिळवले आणि देशाच्या लोकसंख्येला भागलं. नोंदवलेला डॉक्टर कुठे बसतो, सरकारी नोकरीत आहे की खासगी, शस्त्रक्रिया करतो की त्वचारोग पाहतो, हे या भागाकारात कुठेच येत नाही. दादरच्या एका इमारतीतले दहा दवाखाने आणि पेणच्या डोंगरातल्या दहा वाड्या त्यात एकत्र मिसळतात आणि कागदावर दोघांनाही सारखा डॉक्टर मिळतो.

गंमत म्हणून नव्हे, तर नीट विचार करून सांगतो : ‘डॉक्टरच नाहीत’ आणि ‘डॉक्टर पुरेसे आहेत’ ही दोन्ही विधानं एकाच व्यवस्थेकडून येतात. दवाखान्यात कुणी का नाही असं विचारलं की पहिलं, देशाची प्रगती किती असं विचारलं की दुसरं. दोन्ही एकाच वेळी खरी असायची तर एकच अर्थ निघतो. माणसं तयार होत आहेत, पण जिथं लागतात तिथं नेमली जात नाहीत, आणि नेमली तरी टिकतील अशा अटींवर नेमली जात नाहीत. केंद्राच्याच ग्रामीण आरोग्य आकडेवारीत २०२१-२२ साली देशभरच्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या तुलनेत सुमारे ८० टक्के विशेषज्ञ कमी होते. ८३४ ला एक हे प्रमाण आणि ही तूट एकाच काळातली.

पण मला या ८० टक्क्यांवरही थांबायचं नाही, कारण रिक्त पदांची टक्केवारी हीसुद्धा फसवी गोष्ट आहे. सिझरचं उदाहरण घ्या. उपजिल्हा रुग्णालयात रात्री दोन वाजता बाई अडली. सिझर करायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो, भूलतज्ज्ञ लागतो, ऑपरेशन थिएटरची सिस्टर लागते, बाळ रडलं नाही तर ते हाताळू शकणारा माणूस लागतो आणि रक्त साठवण केंद्र उघडायला तंत्रज्ञ लागतो. पाचांपैकी चार पदं भरलेली असतील तर अहवालात ‘८० टक्के पदे भरलेली’ असं लिहिलं जाईल. त्या बाईच्या दृष्टीने भरलेलं प्रमाण शून्य आहे. भूलतज्ज्ञ नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ हात बांधून उभा राहतो, आणि रेफरची चिठ्ठी लिहिण्यापलीकडे त्याला काही करता येत नाही. मग पेणहून अलिबागचं सिव्हिल, तिथून जमलं नाही तर पनवेल-कामोठे किंवा मुंबईचं जेजे.

याच्याही पुढे जा. समजा दोन्ही पदं भरली आहेत, पण प्रत्येकी एकच माणूस आहे आणि रजा, शिबिरं, न्यायालयातल्या साक्षी, दुसऱ्या रुग्णालयावरची प्रतिनियुक्ती धरून दोघंही महिन्यातल्या निम्म्याच रात्री हाताशी असतात. त्यांच्या रात्री कुणी मुद्दाम जुळवल्या नसतील तर दोघं एकत्र सापडण्याची शक्यता चारात एक. पदं शंभर टक्के भरलेली, आणि चारातल्या तीन रात्री सिझर बंद. प्रतिनियुक्ती हा शब्द बाहेरच्या माणसाला निरुपद्रवी वाटतो. आतल्या माणसाला ठाऊक असतं की पद इथं भरलेलं दाखवायचं, पगार इथून काढायचा आणि माणूस तिकडे पाठवायचा, याला तो शब्द आहे. म्हणून माझं म्हणणं असं की रिक्त पदं मोजणं सोडा आणि सेवा मोजा. गेल्या महिन्यातल्या तीस रात्रींपैकी किती रात्री इथं सिझर होऊ शकत होतं? हा एकच आकडा जिल्ह्याच्या सगळ्या तक्त्यांपेक्षा जास्त सांगेल.

जननी सुरक्षा योजना २००५ साली आली. तेव्हापासून आशाताई दारोदार जाऊन सांगतात की घरी बाळंत होऊ नका, दवाखान्यात या. बायांनी ऐकलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात संस्थेत होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण ९४ टक्क्यांच्या पुढे गेलं. लोकांनी आपला शब्द पाळला, आणि दवाखान्याने मात्र त्यांना पुढच्या दवाखान्याचा रस्ता दाखवला. ‘लोकच अडाणी, लोकच उशिरा येतात’ असं म्हणण्याचा अधिकार व्यवस्थेने त्याच दिवशी गमावला.

सिस्टरांबद्दल तर कुणी बोलतच नाही. मनुष्यबळाची चर्चा म्हणजे डॉक्टरांची चर्चा, असं आपण धरून चाललो आहोत. एका वॉर्डात दिवसरात्र एक सिस्टर हजर हवी असेल तर किती सिस्टर नेमाव्या लागतात, याचा हिशेब करून पाहा. दिवसाच्या तीन ड्यूट्या, आठवड्याच्या एकवीस. एक सिस्टर आठवड्याला सहा करते. म्हणजे रजा न धरताच साडेतीन. आजारपण, बाळंतपणाची रजा, प्रशिक्षण धरलं की साडेचार ते पाच. एका खुर्चीसाठी पाच माणसं. जिथं दोन किंवा तीनच नेमल्या जातात तिथं नाइटला एक सिस्टर प्रसूतिकक्षही सांभाळते, वॉर्डही आणि दारात आलेला अपघातही. ती कामचुकार आहे म्हणून सलाइन संपल्याचं तिला कळत नाही, असं कुणी म्हणू नये. ती दुसऱ्या खोलीत असते.

याचे परिणाम जगभर मोजले गेले आहेत. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया राज्यातली १६८ रुग्णालयं अभ्यासली. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याचा संभव ७ टक्क्यांनी वाढतो, असं त्यांना आढळलं. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये कायदाच केला, आणि आज तिथं साध्या वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचांपेक्षा जास्त रुग्ण देता येत नाहीत. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. त्याआधी ऑगस्टमध्ये ठाण्याजवळ कळव्याच्या रुग्णालयात एका दिवसात १८ जण गेले होते. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा प्रश्न न्यायालयापुढे आला. त्याच आठवड्यात एका खासदाराने नांदेडच्या अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. पदं कुणी भरली नाहीत हा प्रश्न होता, आणि उत्तर म्हणून एका डॉक्टरच्या हातात ब्रश दिला गेला. दोष नेहमी समोर दिसणाऱ्या माणसावर येतो, कारण ज्याने नेमणूक रोखून धरली तो तिथं दिसत नाही.

आता मूळ आरोपातला खरा भाग. हो, डॉक्टर टाळतात. बंधपत्राची सेवा न करता दहा लाख रुपये भरून मोकळे होणारे आहेत. मुख्यालयी न राहणारे आहेत. सरकारी पगार घेऊन संध्याकाळी खासगी दवाखाना चालवणारेही आहेत, आणि त्यांची बाजू घेण्याची मला काही गरज नाही. पण यावरून ‘आजच्या पोरांत सेवाभाव उरला नाही’ या निष्कर्षावर उडी मारली जाते, ती मला मान्य नाही.

याच रायगड जिल्ह्यात, तो कुलाबा म्हणून ओळखला जात होता तेव्हा, १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातल्या लाल विंचवाने चावलेली माणसं त्यांच्यासमोर मरत होती. शंभरातली तीस-चाळीस मरायची. त्यांनी रुग्णांच्या खाटेजवळ बसून लक्षणं टिपली, हृदयावर काय परिणाम होतो ते लिहून काढलं, ‘लॅन्सेट’ला पाठवलं, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीने मृत्यूचं प्रमाण शंभरात एक-दोनवर आणलं. २०११ साली त्यांचा आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचा अभ्यास ‘बीएमजे’त आला, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्राथमिक आरोग्य केंद्रात बुद्धीला काम नाही, असं म्हणणाऱ्यांनी बिरवाडी आठवावी.

मात्र या उदाहरणाचा जो वापर होतो तो मला घातक वाटतो. ‘बावस्कर राहिले, मग तुम्ही का नाही?’ असं विचारून तरुण डॉक्टरला गप्प केलं जातं. असामान्य माणसाच्या आयुष्यावर सामान्य नोकरीचे नियम बेतता येत नाहीत. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक खेड्यात जातात ते सगळे संत असतात म्हणून जात नाहीत. त्यांना कायम नोकरी असते, बदलीचा काही एक नियम असतो, निवृत्तीचा हिशेब असतो. आरोग्य खात्यात मात्र आपण एका बाजूने त्याग मागतो आणि दुसऱ्या बाजूने अकरा महिन्यांचा करार पुढे करतो.

हा करार हेच खरं दुखणं आहे. २०१८ नंतर उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आले. बीएएमएस झालेली किंवा नर्सिंगची पदवी घेतलेली मुलं-मुली, वर सहा महिन्यांचं प्रशिक्षण. मानधन २५ हजार, आणि कामावर आधारित मोबदला १५ हजारांपर्यंत, तोही सगळे निकष भरले तर. ही मुलं खेड्यात गेली. ‘कुणी जात नाही’ हे वाक्य तिथंच खोटं ठरतं. आदिवासी भागात नवसंजीवन योजनेखाली भरारी पथकांचे डॉक्टर वर्षानुवर्षं तुटपुंज्या मानधनावर पाड्यापाड्यांत फिरले. राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपावर गेले, मार्च २०२४ मध्ये दहा वर्षं सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा निर्णय निघाला, आणि तो अमलात यावा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना पुन्हा संप करावा लागला. दहा वर्षं! दहा वर्षं खेड्यात टिकलेल्या माणसाला कायम करायला ज्या व्यवस्थेला इतका वेळ लागतो, तिने ‘लोक टिकत नाहीत’ अशी तक्रार करू नये.

आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये काय झालं तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, त्यात परिचारिका होत्या. आपल्या मुलींनी जर्मनीत जावं, चांगला पगार मिळवावा, त्यांचं भलं व्हावं. माझा त्याला विरोध नाही. पण जे राज्य परदेशाला परिचारिका देऊ करतं, त्याला माणसं मिळत नाहीत असं सांगता येत नाही. जर्मनी त्यांना भाषा शिकवायला तयार आहे, कायम नोकरी द्यायला तयार आहे, राहायची सोय करायला तयार आहे. रोह्याच्या मुलीला रोह्यातच नाइटला जाताना सुरक्षित क्वार्टर द्यायला आपण तयार आहोत का, एवढाच प्रश्न उरतो.

माणसं कशाने टिकतात हे गूढ राहिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये त्यावर मार्गदर्शिका काढली आणि २०२१ मध्ये ती सुधारली. ग्रामीण भागातलीच मुलं निवडा, त्यांचं शिक्षण ग्रामीण भागाजवळ होऊ द्या, घर आणि मुलांच्या शाळेची सोय पाहा, पुढच्या शिक्षणाची वाट मोकळी ठेवा, आणि हे सगळं एकत्र करा. एकटी वेतनवाढ किंवा एकटी सक्ती चालत नाही, असा त्याचा गाभा. तमिळनाडूने २०१२ साली वैद्यकीय भरतीसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं, आणि सरकारी सेवेतल्या डॉक्टरांना पदव्युत्तर जागा मिळाव्यात म्हणून न्यायालयात लढा दिला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना तो अधिकार असल्याचं मान्य केलं. म्हणजे तिथं आरोग्य केंद्रातली वर्षं तरुण डॉक्टरच्या पुढच्या वाटेत मोजली जातात. छत्तीसगडने तीन वर्षं शिकलेले ग्रामीण वैद्यकीय सहायक नेमले. डॉक्टर संघटनांनी आरडाओरडा केला, पण अभ्यास झाला तेव्हा नेहमीच्या प्राथमिक आजारांत हे सहायक एमबीबीएस डॉक्टरांच्या तोडीचे निघाले. आपल्याकडे एका वर्षाचं बंधपत्र आहे. त्या वर्षात मुलगा नीट-पीजीचा अभ्यास करतो, गावाची ओळख व्हायच्या आत निघून जातो आणि पुढचा येतो.

‘वैद्यकीय महाविद्यालयं वाढवली आहेत, थोडा धीर धरा’ असंही सांगितलं जातं. अलिबागला १०० जागांचं शासकीय महाविद्यालय सुरू झालं, त्याचा मला मनापासून आनंद आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा नवी महाविद्यालयं सुरू झाली. देशात एमबीबीएसच्या जागा २०१४ मध्ये ५१ हजारांवर होत्या, दहा वर्षांत त्या १ लाख १२ हजारांच्या पुढे गेल्या. दुप्पट जागा झाल्या. रेफरची चिठ्ठी निम्म्यावर आली का? महाविद्यालयातून डॉक्टर बाहेर पडतो, तो पद निघालं तरच आरोग्य केंद्रात येतो. शिवाय नव्या महाविद्यालयाला अध्यापक लागतात, आणि तपासणीच्या वेळी इकडचे तिकडे दाखवण्याचा प्रकार आता लपूनही राहिलेला नाही. हंडे वाढवून विहिरीचं पाणी वाढत नाही, हे खारेपाटातल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा एक विचार अलीकडे सुशिक्षित वर्तुळात बळावला आहे. छोट्या केंद्रांवर पैसे कशाला घालवायचे, एक मोठं सुसज्ज रुग्णालय करा आणि १०८ च्या रुग्णवाहिकेने सगळ्यांना तिथं आणा. १०८ ने २०१४ पासून खूप जीव वाचवले आहेत, ते कुणी नाकारणार नाही. पण हा विचार मांडणाऱ्यांनी वडखळच्या नाक्यावर गणपतीच्या आदल्या दिवशी उभं राहून पाहावं. पनवेल ते इंदापूर हा महामार्ग रुंद करण्याचं काम २०११ साली सुरू झालं. त्याची कथा रायगडकरांना सांगायला नको. आणि डोंगरातली वाडी? रुग्णाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणल्यावरच १०८ चा उपयोग. अतिरक्तस्राव होणाऱ्या बाळंतिणीला तास-दीड तास नसतो. टेलिमेडिसिनचंही तेच. पडद्यावरचा तज्ज्ञ सल्ला देईल, पण शीर शोधून सुई लावणारी सिस्टर या बाजूलाच लागते.

इथून मी समन्यायाकडे येतो, कारण माझं मूळ भांडण तिथं आहे. वेल्समध्ये खाणकामगारांच्या वस्तीत दवाखाना चालवणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं की चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता लोकांच्या गरजेच्या उलट दिशेने बदलते : जिथं गरज जास्त तिथं सेवा कमी. बाजाराच्या हाती सेवा जितकी सोपवाल तितका हा नियम कडक होतो, असंही त्यांनी बजावलं होतं. आपल्याकडे बाजार बाजूला ठेवला तरी सरकारी निकषही तेच करतात. मैदानी भागात ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ५ हजार किंवा ३ हजारांमागे उपकेंद्र. लोकसंख्या कुठली? २०११ च्या जनगणनेची, कारण त्यानंतरची झालेलीच नाही. त्या वर्षी जिल्ह्यात २६ लाख ३४ हजार माणसं होती. त्यानंतर डोलवीच्या कारखान्याचा विस्तार होत गेला, परप्रांतातून कामगार आले, भाड्याच्या खोल्या भरल्या. त्यांची बाळंतपणं, त्यांचे अपघात त्याच दवाखान्यात येतात, पण पदांच्या आकृतिबंधात ती माणसं अस्तित्वातच नाहीत.

कातकऱ्यांची गोष्ट याच्या उलट. ते यादीत आहेत आणि वाडीवर नाहीत. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर, कोळसा पाडायला निघून जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. गरोदर बाईची नोंद एका उपकेंद्रात, नववा महिना दुसऱ्या तालुक्यातल्या भट्टीवर, बाळाची लस कुणाच्याच रजिस्टरात नाही. केंद्राने कातकरी समाजाला विशेष असुरक्षित आदिम गटांत धरलं आहे, नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा गटांसाठी पीएम-जनमन योजना आली, फिरती वैद्यकीय पथकं आली. पण त्या पथकात भट्टीचं वेळापत्रक ठाऊक असलेली, बाईला नावाने ओळखणारी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची परिचारिका, नसेल तर गाडी येते आणि जाते. डोक्यांची संख्या धरून पदं काढण्याचा निकष इथं अपुरा पडतो. पायवाट, स्थलांतर, कुपोषण, रुग्णालयापासूनचं अंतर यांना वजन देऊन पदं ठरवली पाहिजेत, आणि भट्ट्यांच्या हंगामात एएनएमची ड्यूटी भट्टीवर लावली पाहिजे.

या खाडीच्या पलीकडच्या काठाला याचा धडा पन्नास वर्षांपूर्वीच मिळाला होता. जेजे रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंटिया यांनी १९७० च्या दशकात अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याच्या परिसरात गावातल्याच, फारसं न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. क्षय, कुष्ठरोग, लसीकरण, गरोदरपणातली काळजी ही कामं त्या उत्तम करू शकतात हे दिसलं. तो प्रयोग बंद पडला तो बायका कमी पडल्या म्हणून नव्हे. गावच्या पुढाऱ्यांना आणि दुकान मांडून बसलेल्या डॉक्टरांना तो अडचणीचा झाला, असं अंटियांनीच पुढे लिहिलं. आज आशाताई तेच काम करतात. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी रस्त्यावर होत्या. त्यांना अजून ‘स्वयंसेविका’च म्हणतात, म्हणजे किमान वेतनाचा प्रश्नच उद्भवू नये. मनुष्यबळाच्या टंचाईवर बोलणाऱ्यांनी आधी हाताशी असलेलं मनुष्यबळ कर्मचारी म्हणून मान्य करावं.

राहिला पैशाचा प्रश्न. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करायला सांगितलं होतं, २०२० पर्यंत. महाराष्ट्र, देशातलं सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था असलेलं राज्य, त्याच्या बरंच खाली रेंगाळत आहे. तेव्हा ‘पैसा नाही’ हे वाक्य नागोठणे, धाटाव आणि डोलवीच्या मुलखात तरी कुणी उच्चारू नये.

माझी मागणी मोठी नाही. पेण आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांनी रोज संध्याकाळी सहा वाजता दारावरच्या फलकावर लिहावं आणि तेच १०८ च्या नियंत्रण कक्षाला आणि आशाताईंच्या व्हॉट्सॲप गटावर कळवावं : आज रात्री सिझर होईल की नाही, भूलतज्ज्ञ आहे की नाही, रक्त आहे की नाही, नाइटला सिस्टर किती. महिन्याच्या शेवटी ‘होईल’ असलेल्या रात्रींची संख्या जिल्हा परिषदेच्या सभेत वाचली जावी. यावर आक्षेप येईल की याने रुग्णालयाची बदनामी होईल आणि काम करणाऱ्या डॉक्टरांचं मनोधैर्य खचेल. मला उलट वाटतं. आज जोडीदाराविना काम करणारा स्त्रीरोगतज्ज्ञ नातेवाइकांच्या शिव्या खातो. फलकावर भूलतज्ज्ञाचं पद किती महिने रिकामं आहे ते लिहिलेलं असेल तर त्या शिव्यांचा पत्ता बदलेल. आणि नागोठण्याच्या घरात कळा सुरू झालेल्या बाईच्या माणसांना, गाडी रोह्याकडे वळवायची, पेणकडे की सरळ अलिबागला, हे निघायच्या आधी कळेल.